टीचरच्या गाडीचा मागचा बंपर

टीचरची गाडी माझ्या गॅरेजच्या आवारात रिव्हर्स येत होती आणि आतला भोंगा एकसारखा कोकलत होता. मागे काही नव्हतं. भिंत नाही, माणूस नाही, साधी कोंबडीसुद्धा नाही. तरी एकच लांब सूर, थांबायचं नाव नाही. टीचरनी गाडी बंद केली, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस झाले, ही अशीच बोंबलता. मागे यमराज उबो आसा काय कोण जाणा."

मी हसलो. खरं सांगायचं तर मला मनातून आनंद झाला होता. कारण ते पार्किंगचे सेन्सर माझ्या बहिणीनं बसवलेले होते.

माझं गॅरेज कट्ट्याला, मालवणच्या रस्त्यावर. बावीस वर्षं झाली. इंजिन, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन ही माझी कामं. बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. तळेऱ्याला हायवेवर तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे आणि त्याला लागूनच्या गाळ्यात ती गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करते. आधी आयटीआय, मग गोव्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं नोकरी, मग लग्न होऊन तळेरे. गाडीला स्कॅनर लावून ती पाच मिनिटांत सांगते काय बिघडलंय ते. मी त्याच गाडीभोवती अर्धा दिवस फिरतो. माझ्याकडे येणारी माणसं कौतुकानं म्हणतात, "ती तळेऱ्याची ताई म्हणजे तुमची बहीण ना? कमाल आहे हो." मी "हो, हो" म्हणतो आणि हातातला पाना गरजेपेक्षा जरा जास्तच आवळतो.

हे आजचं नाही. आमचे बाबा मिठबावला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. मी नऊ वर्षांचा असल्यापासून ते मला बरोबर न्यायचे. भर उन्हात, डिझेलच्या वासात, होडी हलत असताना मी त्यांना पाने द्यायचो. चुकीचा पाना दिला की शिवी, बरोबर दिला की काहीच नाही. त्यांच्याकडे एक पिवळा मीटर होता, बॅटरी आणि वायर तपासायचा. त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. मी एकोणीस वर्षांचा असताना एक दिवस घरी आलो तर बहीण, बारा वर्षांची पोर, पडवीत बसून बंद पडलेला रेडिओ खोलत होती आणि तो मीटर तिच्या मांडीवर होता. रेडिओ संध्याकाळपर्यंत बोलायला लागला. बाबा आईला म्हणाले, "हिचो हात बरो आसा." मीटर तिलाच ठेवायला दिला. माझ्या हाताबद्दल बाबा तोवर एक शब्द बोलले नव्हते, आणि पुढेही कधी बोलले नाहीत.

टीचर आम्हा दोघांच्याही टीचर. नोकरी सगळी मिठबावच्या शाळेत झाली, विज्ञान शिकवायच्या. घर मात्र कट्ट्याजवळ, त्यामुळे रिटायर झाल्यावर इथे आल्या. लग्न केलं नाही. घरात एक म्हातारं कुत्रं आणि एका भिंतीवर गोव्याच्या आजोळचे फोटो. साठी उलटल्यावर त्यांनी गाडी घेतली, आणि ती मागे कशी घ्यायची हे मीच त्यांना चर्चच्या मोकळ्या आवारात शिकवलं. ऑइल बदलायचं असो की नुसती हवा भरायची असो, टीचर माझ्याकडेच येत. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हे एक गिऱ्हाईक मला माझ्या मानाचं वाटायचं. शाळेत मी त्यांच्या विषयात दोनदा नापास झालो होतो. आता त्या माझं ऐकत होत्या.

मग दोन वर्षांपूर्वी त्या मला न सांगता तळेऱ्याला गेल्या आणि सेन्सर बसवून आल्या. आल्या त्या थेट माझ्याकडे.

"तू मागे उबो रव," त्या म्हणाल्या.

"कित्याक?"

"उबो रव तर खरो."

मी गाडीच्या मागे उभा राहिलो. टीचरनी रिव्हर्स टाकला. गाडी माझ्याकडे येऊ लागली तसा आतून आवाज यायला लागला, आधी सावकाश, मग भराभर, मग एकसारखा. माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. टीचर खिडकीतून डोकं काढून लहान पोरीसारख्या हसत होत्या. "बगलंस? तुज्या भयणीन काय काम केल्यान! आता माका कोणी मागे बगूक नको." गॅरेजमध्ये दोन-तीन माणसं होती, तीही हसली. मी पण हसलो. जी गाडी मागे घ्यायला मी शिकवलं, त्याच गाडीमागे मला खांबासारखं उभं केलं होतं, बहिणीची हुशारी दाखवायला.

म्हणून त्या दिवशी ते सेन्सर विनाकारण बोंबलताना ऐकून मला आनंद झाला.

"काय झाला असात?" टीचरनी विचारलं.

मी बंपरखाली वाकून बघितल्यासारखं केलं. खरं तर काहीच बघितलं नाही. उठलो आणि म्हणालो, "वायरिंग कच्चा दिसता, टीचर. बाहेरून बसवलेल्या कामाचा असाच असता. घाईत केला की..."

पुढचं बोललो नाही. पुरं बोलण्यापेक्षा अर्धवट बोललेलं जास्त लागतं हे मला ठाऊक होतं.

टीचरनी पर्समधून मोबाईल काढून सरळ बहिणीलाच फोन लावला, आणि कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर.

बहिणीनं दोनच प्रश्न विचारले. एकसारखा वाजता की तुटक? कधीपासून? मग म्हणाली, "दादाक द्या." आणि मला म्हणाली, "दादा, बंपर तू काडू नको हां. त्या गाडयेचे साईडचे लॉक नाजूक आसत, खेचलंस तर मोडतले. मी उद्या दहाक येतंय."

स्पीकरवर. टीचरसमोर. माझ्या गॅरेजमध्ये. बावीस वर्षांत मी किती गाड्यांची इंजिनं खाली उतरवली असतील, आणि ही मला प्लॅस्टिकचा बंपर काढू नको म्हणून सांगत होती.

"बरा," मी म्हणालो.

टीचर गाडी ठेवून रिक्षानं घरी गेल्या. मी ती रात्र नीट झोपलो नाही असं नाही, छान झोपलो. कारण मनाशी ठरवून टाकलं होतं की ती दहाला पोचेल तेव्हा बंपर खाली, गोणपाटावर, आणि बिघाड माझ्या हातात असेल.

सकाळी सहालाच गॅरेज उघडलं. डिकी उघडून दोन्ही टेल लॅम्प काढले. चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, खालची बटणं काढली. इथवर सगळं सरळ होतं. मग उजव्या बाजूनं बंपर बाहेर ओढला. तो थोडा आला, अडला. मी अजून जोर लावला. कट्ट असा आवाज झाला. वाटलं, सुटला. परत ओढला, परत कट्ट. बंपरची उजवी बाजू सुटून लोंबायला लागली आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे माझ्या पायाशी पडले. तिनं सांगितलेले लॉक.

डावी बाजू तर हलायलाच तयार नव्हती. उजवीपेक्षा दुप्पट जोर लावला, तरी नाही. अजून ओढलं तर बंपर फाटेल अशी वेळ आली तेव्हा थांबलो. गाडीचं मागचं अर्धं तोंड निखळल्यासारखं दिसत होतं.

आठला बाबा आले. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते माझ्याकडेच असतात. गुडघे गेले आहेत, पण रोज सकाळी काठी टेकत गॅरेजमध्ये येतात आणि शटरजवळच्या खुर्चीवर बसतात. त्यांनी लोंबता बंपर बघितला, माझ्या हातातले तुकडे बघितले.

"तिका येवक दी," एवढंच म्हणाले.

ती पावणेदहाला स्कूटरवरून आली. तासाभराहून जास्तीची वाट. हेल्मेट काढलं, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गुडघे कशे आसत?" मग गाडीकडे वळली. बंपरकडे बघितलं, जमिनीवरच्या तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. दुपट्टा कमरेला खोचून डाव्या चाकाजवळ बसली आणि कमानीच्या आत हात घातला. डोळे मिटून बोटांनी चाचपायची तिची जुनी सवय आहे.

"दादा, हय कसलो तरी स्क्रू आसा."

"कंपनीचो असात."

"कंपनीचो हयसर नसता."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि टीचर आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्या गाडीच्या पुढच्या बाजूला, सावलीत बसल्या.

बहिणीनं स्क्रू काढला. डावी बाजू लगेच सुटली. बंपर लांब असतो, दोन माणसं लागतात. मी पुढे व्हायच्या आत बाबा खुर्चीवरून उठले. चार वर्षांत त्या माणसानं माझ्या गॅरेजमध्ये एक नटसुद्धा उचलला नव्हता. मी कितीदा म्हटलं असेल, बाबा, जरा हे धरता काय. तेव्हा गुडघे दुखायचे. आता ते काठी टाकून आले आणि बंपरचं दुसरं टोक धरून तिच्याबरोबर पावलं टाकत गोणपाटापर्यंत गेले. मी बाजूला उभा होतो, रिकामे हात घेऊन.

बंपरच्या आत चिखल वाळून बसला होता, त्यात मुंग्यांनी घर केलं होतं. तिनं ब्रशनं सगळं झाडलं. सेन्सरची वायर काळ्या टेपमध्ये गुंडाळून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलेली होती, इतकी सारखी की पट्टी लावून ओढल्यासारखी. घाईचं काम नव्हतं ते. डाव्या कोपऱ्यात मात्र टेपला भोक पडलं होतं. आतली एक वायर उघडी पडून हिरवी झाली होती. तिनं काढलेला स्क्रू त्या भोकाशी धरून बघितला. नेमका बसला.

स्क्रूच्या डोक्याखाली दोन वायसर होते, चकतीवर चकती.

दोन वायसर मी घालतो. या भागात दुसरं कोणी घालत नाही. होडीचं इंजिन थरथरतं, एका वायसरनं नट ढिला होतो, म्हणून बाबांनी मला लहानपणीच ती सवय लावली होती. आणि मग मला सगळं आठवलं. गेल्या पावसाळ्यानंतर मालवणच्या बाजारात एका टेम्पोनं टीचरच्या गाडीचा डावा कोपरा उचकटला होता. बंपर न काढताच मी चाकाच्या कमानीतून एक लांब स्क्रू मारून तो जागेवर बसवला होता. दहा मिनिटांचं काम. आत काय आहे ते बघितलं नव्हतं.

बहीण माझ्याकडे बघत होती. बाबाही बघत होते.

"सापाडला?" टीचर खुर्चीवरून उठून आल्या. आवाज वर्गातला. "कोणाची चूक?"

बहिणीनं मूठ मिटली. "माजी, टीचर. वायर मी लोखंडाक लागान सोडलंय. आतल्यान घेवक व्हयी होती."

"तुजो दादा कालच बोल्लो, घाईत केलेला काम म्हणान," टीचर म्हणाल्या. "माका खरा वाटला नाय. तू आणि घाई? वर्गात सगळ्यात शेवटी पेपर देणारा चेडू तू. पण आता तूच सांगतंस तर काय बोलतलंय. नाव झाला की माणूस असो सैल पडता. लक्षात ठेव."

"चुकला, टीचर."

हे लिहिताना जे लपवावंसं वाटतं तेच सांगायला हवं: त्या क्षणी मला आनंदच झाला. टीचर तिला बोलत होत्या आणि ती मान खाली घालून ऐकत होती. शाळेत असं कधीच झालं नव्हतं. शाळेत मान माझी खाली असायची. मला वाटलं, एकदा तरी. मग बाबांकडे लक्ष गेलं. ते तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघत होते, आणि माझा आनंद नासला.

तिनं वायर कापली, सोलली, डाग दिला, वर नळी चढवून गरम केली. बाबा बॅटरीचा उजेड धरून उभे होते. मग नवी वाट काढून वायर बंपरमागच्या लोखंडी पट्टीच्या आतून घेतली. बंपर अजून खालीच होता, पण वायर जोडून तिनं मला रिव्हर्स टाकायला सांगितलं.

"आता हय ये, कान लाव."

मी गुडघ्यावर बसून बंपरला कान लावला. प्रत्येक सेन्सरमधून बारीक टिकटिक ऐकू येत होती, नाडीसारखी. चारही चालू होते. बावीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं.

टीचरना पांढरे तुकडे दिसले. "हे कशान मोडले?"

"जुने झाले की मोडतत," बहीण म्हणाली आणि त्या जागी नवे लॉक लावायला लागली. येतानाच घेऊन आली होती. म्हणजे फोनवर "बरा" म्हणालो तेव्हाच तिला कळलं होतं की मी ऐकणार नाही.

टीचर गाडी घेऊन गेल्या. बहीण जेवायला थांबली. बायकोनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवून ती मागच्या दारी हात धूत असताना मी तिला गाठलं.

"खोटा कित्याक बोल्लंस?"

"टीचर तुका रोज भेटतत. माका वर्षातसून एकदा. माका बोलले तर काय बिघडता?"

"मी मागलंय काय तुज्याकडे?"

ती हात पुसत थांबली. "दादा, तुका वाटता बाबांनी सगळा माका दिल्यानी. माका मीटर दिल्यानी, तो मी घरात गप बसूचा म्हणान. तुका होडयेर न्हेल्यानी. माका एक दिस न्हेल्यानी नाय. तुका होडयेर चडताना बगून मी कितक्यांदा रडलंय, आईक विचारलं असतंस तर कळला असता." मग हसली. "अजून माका तुजो राग येता. म्हणान सांगतंय."

मोठ्या भावाला त्या वेळी जे वाटायला हवं ते मला लगेच वाटलं नाही. आधी वाटलं ते समाधान. तीही जळत होती. इतकी वर्षं मी एकटाच नव्हतो. बाकीचं, तिची कीव, माझी लाज, ते नंतर आलं. ती स्कूटर चालू करून रस्त्याला लागल्यावर.

रविवारी प्रार्थना आटपून टीचर चाकात हवा भरायला आल्या. मी पाइप हातात घेतला आणि सांगून टाकलं. स्क्रू माझा होता, लॉक मी मोडले, ती माझ्यासाठी खोटं बोलली.

मला वाटलं होतं, टीचर मोठेपणानं म्हणतील, जाऊ दे, सांगितलंस हे बरं केलंस. तसं काही झालं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

"चार दिस? चार दिस तू गप रवलंस? मी त्या चेडवाक काय काय बोल्लंय, आणि तू बाजूक उबो रवान आयकत होतंस?" त्यांनी तिथेच फोन लावला, या वेळी स्पीकर न लावता, माझ्याकडे पाठ करून. "माका माफ कर गो," एवढंच मला ऐकू आलं. हवा न भरताच गाडी घेऊन निघून गेल्या.

पुढचे आठ महिने टीचरची गाडी तळेऱ्याला जात होती. ऑइलसुद्धा तिथेच. पन्नासएक किलोमीटर दूर, ऑइल बदलायला! माझ्या दारावरून गाडी जायची, टीचर समोर बघत असायच्या. आता माझं मानाचं गिऱ्हाईक माझ्या बहिणीकडे गेलं होतं, आणि ते मीच पाठवलं होतं. ब्रेक आवाज करायला लागले तेव्हा त्या एकदाच्या परत आल्या. चावी टेबलावर ठेवली. मी ब्रेक असे केले की तसे आयुष्यात कधी केले नसतील.

त्याच सुमारास मी बहिणीला फोन केला. "सोमवारी माजा बंद असता. येव काय थय?"

"ये," ती म्हणाली. कशाला, ते विचारलं नाही.

आता महिन्यातून दोन सोमवार मी तळेऱ्याला जातो. सेन्सर, कॅमेरे, स्कॅनर शिकतो. शिकायला जड जातं. तिथे मला कोणी ओळखत नाही. परवा कोल्हापूरकडचा एक माणूस नवी कोरी गाडी घेऊन आला. मागच्या सेन्सरचं काम होतं. बहीण समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेली होती.

"ताई नाहीत?" त्यानं विचारलं.

"येतीलच. बंपर काढायला लागेल, मी सुरू करू?"

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "तुम्ही नवीन आहात का इथे?"

"हो," मी म्हणालो. "नवीन."

"मग थांबू या. ताईंना येऊ दे."

ती आली, गाडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "दादा, तू काड. मी तवसर स्कॅनर लावतंय." मी काढला. उजवी बाजू, डावी बाजू, एकही लॉक मोडला नाही. मान वर करून बघितलं तर तो माणूस तिच्याकडे बघत होता, स्कॅनरच्या पडद्यावर ती बोट ठेवून काय सांगते त्याकडे. माझ्याकडे त्याची पाठ होती.

लागलं मला ते. मी तिला हाक मारली, बंपरचं दुसरं टोक धरायला.